हवा वाचवू नका, श्वास सावकाश घ्या

गेल्या हिवाळ्यात आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी आणि आम्ही दोघे शिक्षक वास्कोजवळच्या ग्रँड बेटापाशी स्कूबा डायव्हिंग शिकायला गेलो होतो. पहिल्याच दिवशी बोटीवर एक शर्यत सुरू झाली : कोणाच्या सिलिंडरमध्ये जास्त हवा उरते? सर्वांत आधी हवा संपली ती आम्हा शिक्षकांची. मुले पोट धरून हसली, आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मात्र हसू मावळले. आदल्या दिवशी चिडवला गेलेला एक मुलगा हवा पुरवण्यासाठी पाण्याखाली श्वास रोखून धरू लागला. प्रशिक्षकांनी खुणेने ‘किती हवा?’ विचारले तेव्हा त्याने बोटांनी खोटा आकडा दाखवला. त्यांनी स्वतः त्याचे गेज पाहिले म्हणून तो वेळेत, सुखरूप वर आला. डोके मात्र संध्याकाळपर्यंत ठणकत होते.

आमचे स्पष्ट मत आहे की, नवशिक्यांमधली ही शर्यत बंद झाली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानाच्या तासाला शिकलेला बॉईलचा नियम आठवा. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही तितक्याच पटीने जास्त लागते. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २२०० लिटर हवा मावते. त्यातले ५० बार राखून ठेवायचे, म्हणजे वापरायला उरते १६५० लिटर. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला ती १० मीटरवर सुमारे ४१ मिनिटे पुरेल, १५ लिटर घेणाऱ्याला ५५ मिनिटे. हा फरक श्वास रोखून साधत नाही. रोखलेल्या श्वासाने शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोके दुखते आणि उलट धाप लागते. शिवाय श्वास कोंडून वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून पाण्याखालचा पहिला नियम हाच की, श्वास कधीही रोखू नये.

मग हवा पुरते कशाने? शांतपणाने. नवशिका घाबरतो, हात मारतो, उभा पोहतो. कमरेला गरजेपेक्षा जास्त शिसे बांधतो आणि ते तोलण्यासाठी जॅकेटमध्ये पुन्हा पुन्हा हवा भरतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यात घाई केली की श्वास वाढणारच. वजन बेताचे ठेवावे, अंग आडवे, हात स्थिर, पाय सावकाश आणि उच्छ्वास लांब सोडावा. आम्ही एवढेच पाळले आणि चौथ्या बुडीला आमची हवा पहिल्यापेक्षा बराच वेळ टिकली. तरीही थोराड बांध्याच्या माणसाला हवा जास्तच लागणार. त्यात ना कोणाचा दोष, ना कोणाची बढाई.

पालकांना विनंती, मुलगा घरी आल्यावर ‘किती हवा उरली?’ असे विचारू नका. ‘हवा कमी झाली तेव्हा लगेच सांगितलेस ना?’ असे विचारा. विश्वस्त मंडळालाही एक सुचवावेसे वाटते. गोव्यात राहून आपल्या कित्येक मुलांना पोहता येत नाही. समुद्राची सहल आखण्याआधी त्यांना पोहायला आणि पाण्यात निवांत श्वास घ्यायला शिकवण्याची सोय व्हावी.

ज्याची हवा आधी संपते आणि जो तसे खरे सांगतो, त्याच्यासोबत सगळ्यांनी वर यायचे असते. त्याला हसणाऱ्यांत पहिल्या दिवशी आम्हीही होतो, याची आज लाज वाटते.