‘बीडला कोण येणार?’

परदेशी विद्यार्थ्यांचा विषय निघाला की महाराष्ट्राची नजर पुणे-मुंबईपलीकडे जात नाही. अंबाजोगाईसारख्या गावाचे नाव कोणी सुचवलेच, तर ‘बीडला कोण येणार?’ असा प्रश्न येतो. खेदाची बाब ही, की तो विचारण्यात बीडकरच आघाडीवर असतात.

नालंदेचे गोडवे गाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सातव्या शतकात ह्युएन त्संग तेथे आला, तो आचार्य शीलभद्रांकडे योगाचार दर्शन शिकण्यासाठी. अन्यत्र न मिळणारी विद्या जेथे मिळते, तेथे विद्यार्थी वाळवंटे तुडवत जातो. तेव्हा खरा प्रश्न ‘कोण येणार?’ हा नसून ‘आपण काय शिकवणार?’ हा आहे.

अंबाजोगाईपाशी शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. मुकुंदराजांची समाधी येथे आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा मानला जातो. त्याच्या काळाविषयी आणि स्थळाविषयी अभ्यासकांत वाद आहे, विदर्भातील आंभोऱ्याचाही त्यावर दावा आहे. पण असा वाद हे तर संशोधनाला आमंत्रणच! दासोपंतांची सुमारे ४० फूट लांबीची पासोडी येथलीच. यादवकालीन शिलालेख व मंदिरे आहेत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथे १९७० च्या दशकापासून उभे आहे. दुष्काळ, ऊसतोड मजुरांचे स्थलांतर आणि त्यांच्या आरोग्याचे प्रश्न समजून घ्यायला याहून योग्य जागा कोणती? २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. आता ती भाषा जगाला शिकवणार कोण?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला सोयींचा. तो खरा आहे, पण निर्णायक नाही. पुण्यात १९७१ साली डॉ. शां. ब. मुजुमदारांनी सिंबायोसिसचा आरंभ केला, तो परक्या मुलुखात एकाकी पडलेल्या विद्यार्थ्यांविषयीच्या कळवळ्यातून; इमारती मागाहून आल्या. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली आणि जिल्ह्याचे नाव देशभर भलत्याच कारणाने गाजले. परदेशातील आईबाप हे वाचतात. त्यांना ‘बदनामी थांबवा’ असे सांगून भागणार नाही. कायद्याचा धाक प्रत्यक्ष दिसला पाहिजे. गुंडगिरीपुढे मान खाली घालणाऱ्या गावाने विद्यानगरीचा फलक लावू नये.

दृष्टीही बदलावी लागेल. परदेशी म्हणजे गोरा आणि गोरा म्हणजे डॉलर, हे समीकरण खोटे आहे. २०२१-२२ च्या केंद्रीय सर्वेक्षणानुसार भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांतील सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे. आफ्रिकेतून आलेल्या मुलाला खोली नाकारायची आणि सभेत ‘अतिथी देवो भव’ म्हणायचे, हा दांभिकपणा संस्कृतीच्या अभिमान्यांना शोभत नाही.

आरंभ लहान असावा. योगेश्वरी ही असंख्य कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. त्यांची नातवंडे आज अमेरिकेत, युरोपात शिकत आहेत. ती दर्शनाला येतात, ओटी भरतात आणि संध्याकाळी परत फिरतात. त्यांना आणि त्यांच्या वर्गमित्रांना सहा आठवडे थांबवून घेणारा मराठी, मोडी व शिलालेखवाचनाचा वर्ग महाविद्यालयांनी काढावा. सुशिक्षित कुटुंबांनी एकेक विद्यार्थी घरी ठेवावा, मुक्कामाची नोंद चोवीस तासांत प्रशासनाकडे करावी आणि ताटात भाकरी वाढताना संकोच करू नये.

मात्र त्याआधी एक परीक्षा आहे. येथल्याच महाविद्यालयातील किती मुलांनी ती पासोडी पाहिली आहे? ज्या विद्येची घरच्यांना ओढ नाही, तिच्यासाठी सातासमुद्रापलीकडून कोणी का यावे? निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी अंबाजोगाईने आपल्या मुलांना आधी मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत न्यावे.