पारपत्र नवे, परवाना जुना

उजनीच्या जलाशयाकाठी, करमाळा तालुक्यातील कंदरच्या परिसरात पिकणारी केळी पेट्यांत भरून आखाती देशांत जातात. प्रत्येक खेपेबरोबर माल कीडरोगमुक्त असल्याचा दाखला असतो, बीजक असते. आणि माल बंदरात उतरून पुढे गेला की या कागदांचे काम संपते. याच तालुक्यातून त्याच देशांत पोटासाठी जाणाऱ्या माणसांच्या कागदांचे काम मात्र कधीच संपत नाही. आपण तेच आहोत हे त्यांना पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तो दहा वर्षांपूर्वी एका आखाती देशात भांडारावर नोकरीस लागला. पारपत्राची मुदत संपत आली म्हणून त्याने रीतसर अर्ज करून नवे पारपत्र मिळविले. परंतु त्याचा निवासाचा परवाना जुन्या पारपत्राच्या क्रमांकावर नोंदलेला होता. ती नोंद नव्या क्रमांकावर नेण्याचे काम मालकाच्या कचेरीचे, आणि कचेरीला घाई नव्हती. त्यात नावाचा घोळ निघाला. पहिल्या पारपत्रात दलालाने नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही तिन्ही एकाच रकान्यात भरून आडनावाचा रकाना कोरा ठेवला होता; नव्यात आडनाव स्वतंत्र आले. यंत्राच्या लेखी ही दोन माणसे झाली. दरम्यान निवासपत्राची मुदत संपली, बँकेने खाते अडविले, गावाकडे येणारा पैसा थांबला आणि सोलापुरात आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. सारे सुरळीत झाल्यावर तो दूरध्वनीवर म्हणाला, "सर, मी तोच आहे हे पटवून द्यायला मला दोन महिने लागले."

हा एका माणसाच्या दुर्दैवाचा प्रश्न असता तर त्यासाठी हे स्तंभ अडविण्याचे कारण नव्हते. परंतु या अडचणीचे मूळ व्यवस्थेतच आहे. प्रौढ भारतीय नागरिकाचे पारपत्र सामान्यतः दहा वर्षे चालते, अज्ञान मुलाचे पाच वर्षे. मुदत संपली की मिळते ती नवी पुस्तिका आणि नवा क्रमांक. परदेशाने दिलेला व्हिसा मात्र जुन्या क्रमांकाला बांधलेला राहतो. आपले सरकार नव्या पुस्तिकेच्या अखेरच्या पानावर जुन्या पारपत्राचा क्रमांक, दिनांक व ठिकाण छापते. दोन पुस्तिकांचा धारक एकच आहे, अशी ती एका सार्वभौम सरकारची ग्वाहीच असते. परंतु परक्या देशाच्या दप्तरात ती आपोआप उमटत नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी जगाच्या मोठ्या भागात पारपत्रावाचून प्रवास करता येत असे. युद्धकाळात निर्बंध आले आणि युद्ध संपल्यावरही ते उठले नाहीत. राष्ट्रसंघाच्या विद्यमाने १९२० साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने पारपत्राला बत्तीस पानी पुस्तिकेचे प्रमाणरूप दिले. कोऱ्या पानांवर इतर देशांनी आपापले शिक्के मारावेत, ही कल्पना. त्या काळी माणसाबरोबर परवानगी पाठविण्याचा दुसरा सोपा मार्ग नव्हता. सोयीसाठी घेतलेला हा आधार पुढे नियमच होऊन बसला. परवानगी दिली जाते माणसाला. ती चिकटविली जाते पानावर. आणि पान संपले की परवानगीही संशयास्पद ठरते.

या गाठीतून निरनिराळ्या देशांनी निरनिराळे मार्ग काढले आहेत. अमेरिकेचा नियम सरळ आहे. जुन्या पारपत्रातील व्हिसा मुदतीत असेल आणि फाटलेला वा रद्द केलेला नसेल, तर नवे व जुने अशी दोन्ही पारपत्रे बरोबर बाळगून प्रवास करता येतो. तो जुन्या पुस्तिकेतून काढून कोणी हौसेने नव्या पुस्तिकेत चिकटविला तर मात्र तो बाद होतो. ब्रिटनने २०२४ अखेर निवासपत्रांच्या जागी संगणकावरील नोंद आणली. नवे पारपत्र आले की धारकाने स्वतःच्या खात्यात त्याचा क्रमांक भरायचा. कुवेतने २०१९ पासून आणि संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून पारपत्रावर निवासाचा परवाना चिकटविण्याची पद्धत मोडीत काढली व ओळखपत्रालाच निवासाचा पुरावा मानले.

आपण स्वतः काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना आपण जे कायम प्रवेशाचे कार्ड देतो, ते वीस वर्षे वयापर्यंत दर नव्या पारपत्राबरोबर आणि पन्नाशीनंतर एकदा पुन्हा काढावे लागे. प्रवासात जुने पारपत्र बरोबर बाळगण्याचीही सक्ती होती. शिकागोत वा लंडनमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आईबापांना हा काच चांगलाच ठाऊक आहे. भारत सरकारने २०२१ साली जुने पारपत्र बाळगण्याची अट काढली आणि विसाव्या वर्षानंतर एकदाच कार्ड बदलावे, एरवी नव्या पारपत्राची प्रत संकेतस्थळावर चढवावी, अशी सवलत दिली. म्हणजे पुस्तिका बदलली तरी माणूस बदलत नाही, हे तत्त्व आपण सधन अनिवासी बांधवांच्या बाबतीत मान्य केले आहे. प्रश्न उरतो तो मजुराचा.

परवाना कागदावरून संगणकात गेला म्हणून मजुराचा प्रश्न सुटला, असे मात्र नाही. सौदी अरेबियात नव्या पारपत्राची नोंद निवासपत्राशी जोडण्याच्या क्रियेला 'नक्ल मालुमात', म्हणजे माहितीचे स्थलांतर, असे म्हणतात. काम संगणकावर थोड्या वेळात होण्याजोगे आहे. परंतु आखाती देशांत परदेशी कामगाराचा निवास मालकाच्या नावाशी निगडित असतो. त्यामुळे कळ बहुधा मालकाच्या हाती असते. मालक सज्जन असेल तर काम दोन दिवसांत होते; तो उदासीन वा रुष्ट असेल तर कामगार पाहता पाहता बेकायदा रहिवासी ठरतो. दिवसागणिक दंड चढतो, नोकरी बदलता येत नाही, घरी परतता येत नाही.

येथे आपल्या कायद्यातील एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. पारपत्र ही सरकारची मेहरबानी नाही, परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंतसिंग साहनी खटल्यात सांगितले. त्याच वर्षी पारपत्र कायदा आला. मनेका गांधी खटल्यात १९७८ साली हे तत्त्व अधिक भक्कम झाले. या कायद्याच्या सतराव्या कलमानुसार पारपत्र ही सर्वकाळ केंद्र सरकारची मालमत्ता आहे. आणि ते अडकवून ठेवण्याचा अधिकार पारपत्र अधिकाऱ्याचा आहे, पोलिसांचा नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. भारतात पोलिसांनाही जे करता येत नाही, ते परदेशातील एखादा कंत्राटदार कामगारांची पारपत्रे आपल्या कपाटात ठेवून बिनदिक्कत करतो. त्या त्या देशाच्या कायद्यात मनाई असूनही ही प्रथा समूळ गेलेली नाही. पारपत्रच हाती नसलेला कामगार त्याचे नूतनीकरण वेळेवर कसे करणार?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा एक प्रकारचा कर आहे, आणि तोही उलट्या चढणीचा. अभियंत्याच्या कंपनीत हे काम पाहण्यास स्वतंत्र खाते असते. मजुराला त्यासाठी रोज बुडवावा लागतो, वकिलातीच्या शहरापर्यंत प्रवास करावा लागतो, मध्यस्थाला पैसे मोजावे लागतात. उत्पन्न जितके कमी तितका हा भार जड. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून येणाऱ्या वैयक्तिक रकमांपैकी सुमारे ३८ टक्के आखाती देशांतून आल्या. आणि राज्यांमध्ये २०.५ टक्के वाटा घेऊन महाराष्ट्र केरळच्याही पुढे राहिला. ज्या पैशाचे आपण कौतुक करतो, तो मिळविणाऱ्याच्या कागदांची चिंता वाहणे हे त्या कौतुकाबरोबर येणारे कर्तव्य आहे.

कोणी म्हणेल, कोणाला आपल्या भूमीवर राहू द्यायचे हा प्रत्येक देशाचा अधिकार आहे आणि नव्या पारपत्राच्या वेळी पुन्हा तपासणी करण्यात गैर ते काय? आक्षेप वजनदार आहे. बनावट पारपत्रांचा धोका काल्पनिक नाही. परंतु या देशांनी कामगाराच्या बोटांचे ठसे व छायाचित्र आधीच घेतलेले असते. ओळख बोटांवरून पटत असेल तर पुस्तिकेचा क्रमांक बदलल्याने माणूस अनोळखी ठरण्याचे कारण नाही. तपासणी जरूर व्हावी. मात्र ती पुरी होईपर्यंत जुना हक्क चालू राहावा, एवढीच मागणी आहे.

देशांतर नियंत्रित करणाऱ्या १९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये विधेयकाचा मसुदा जनतेपुढे ठेवला. या निमित्ताने तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, आखाती देशांशी होणाऱ्या कामगारविषयक करारांत नव्या पारपत्राची नोंद करण्याचा अधिकार कामगाराला स्वतःला असावा आणि अर्ज प्रलंबित असताना दंड होऊ नये, असे कलम घालावे. दुसरी, वकिलातीने नवे पारपत्र देताच दोन्ही क्रमांकांची माहिती त्या देशाच्या खात्याकडे थेट पाठवावी. तिसरी, परदेशस्थ भारतीयांच्या साहाय्यासाठी २००९ साली स्थापन झालेल्या कल्याण निधीत वकिलातीच्या सेवांवरील आकारातूनच भर पडते. मजूर स्वतः ज्यात पैसे घालतो त्या निधीतून, त्याची चूक नसताना झालेला दंड भरून देण्यात यावा.

सरकारे हे करतील तेव्हा करतील. दरम्यान आपल्या हाती काहीच नाही असे नाही. पारपत्राची मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधी नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, हे परदेशी असलेल्या मुलाला घरच्यांनी वेळीच कळवावे. आणि शिक्षक व लिपिक बंधुभगिनींचा या प्रश्नाशी त्याहून निकटचा संबंध आहे. एकच शब्द नाव म्हणून असलेल्या पारपत्रावर भेटीचा प्रवेश न देण्याचा नियम अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये केला, तेव्हा कोऱ्या राहिलेल्या आडनावाच्या रकान्याचे मोल अनेकांना कळले. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कधी आडनाव आधी, कधी शेवटी. वडिलांच्या नावापुढे कोठे 'राव', कोठे काहीच नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरेच. गावात याने काही अडत नाही, कारण येथे माणूस चेहऱ्याने ओळखला जातो. परंतु जून महिन्यात प्रवेशाच्या गर्दीत सर्वसाधारण नोंदवहीत घाईने लिहिलेले ते नाव पंचवीस वर्षांनी समुद्रापलीकडच्या एखाद्या खिडकीवर तपासले जाते, आणि तेथे त्याला ओळखणारे कोणी नसते. तेव्हा ती नोंद करताना पालकाला दोन मिनिटे थांबवून नाव नीट विचारून घ्यावे.