कर्जाची आणि आजारपणाची वकिली

मुलगी एलएल.बी. झाली की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला, 'फौजदारी करणार की घटस्फोटाच्या केसेस?' मैत्रिणींनो, वकिलीत आणखीही एक वाट आहे. तिच्याकडे आपलं फारसं लक्षच जात नाही.

अमेरिकेत काही वकील दोनच कामं घेतात, दिवाळखोरी आणि अपंगत्वाचा भत्ता. जोडी विचित्र वाटते ना? पण कमावता माणूस अंथरुणाला खिळला की काम सुटतं आणि पाठोपाठ हप्ते थकतात. दोन्ही संकटं एकाच घरात येतात, मग वकीलही एकच! नोकरीच्या काळात वर्गणी भरलेल्यांना अपंगत्व आल्यास भत्ता देण्याची सोय तिथे १९५६ मध्ये झाली. अर्ज नामंजूर झाला की वकील अपील लढवतो. फी बहुधा केस जिंकली तरच; तीही थकलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत, आणि तिलाही सरकारने वरची मर्यादा घातलेली. दिवाळखोरीचा अर्ज कोर्टात गेला की वसुलीचा तगादा सहसा लगेच थांबतो. नियमित मिळकत असेल, तर ३ ते ५ वर्षांत झेपेल तसं कर्ज फेडायची सवलतही मिळते.

आपल्याकडे 'दिवाळं निघालं' ही जवळजवळ शिवीच. २०१६ चा दिवाळखोरी कायदा गाजला तो बड्या कंपन्यांमुळे. घरचं माणूस आजारी पडलं, तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखाना, संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील, हप्त्यांसाठी बँक, या सगळ्या खेपा बाईनेच घालायच्या. सोबत वकील असावा, हे मनातही येत नाही. 'वकील परवडणार कुणाला?'

खरं तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि दिव्यांगांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलंय. बिनपरवाना सावकारी तर २०१४ च्या राज्य कायद्याने गुन्हाच आहे. हे सांगणारी वकीलबाई तालुक्याला असेल, तर किती घरं सावरतील!

'पण यात पैसा कुठाय?' प्रश्न रास्त आहे. जिंकल्यावर वाटा घेणं आपल्या वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. म्हणून विधी सेवेच्या पॅनेलवर येणाऱ्या वकिलांना सरकारने नीट आणि वेळेवर मानधन द्यायला हवं. आणि आपणही, लेकीने अशी वकिली निवडली, तर 'हे कसलं काम?' म्हणून नाक मुरडू नये. अर्ज, अपील, हप्त्यांची फेररचना हीही वकिलीच आहे, आणि तिची गरज आपल्याच गल्लीत आहे. पटतंय ना?