डिश राहू द्या, वर्गणी थांबवा

ब्रिटनमध्ये आपल्या लोकांनी घर घेतले की देव्हारा आतल्या भिंतीवर आणि डिश बाहेरच्या भिंतीवर, असा जणू रिवाजच होता. त्याला कारणही तसेच होते. १९६८ पासून पुढे बरीच वर्षे बीबीसीवर रविवारी सकाळी 'नई जिंदगी नया जीवन' लागत असे. १९९० मध्ये बीबीसी टू वर इंग्रजी सबटायटल्ससह 'महाभारत' दाखवले गेले. पण आपल्या माणसांची अशी स्वतंत्र वाहिनी नव्हती. १९९० नंतरच्या काही वर्षांत डिशवर भारतीय वाहिन्या मिळू लागल्या, १९९५ मध्ये झी टी.व्ही. आला, आणि घरात संध्याकाळी हिंदी ऐकू येऊ लागले. त्या काळी महिन्याची वर्गणी कोणाला जड वाटली नाही. भारतात फोन करायचा तरी मिनिटाला किती पडत असे, ते जुन्या मंडळींना आठवत असेलच.

आज त्याच घरांत काय दिसते? मुले फोनवर बघतात, आपण कामावरून आल्यावर इंटरनेटवरचा एखादा सिनेमा लावतो. टी.व्ही.च्या मोठ्या पॅकेजमधल्या शेकडो वाहिन्यांपैकी चार-पाच लागतात. क्रीडा वाहिन्या क्रिकेटच्या एका मालिकेसाठी घेतल्या, मालिका संपली, वाहिन्या तशाच राहिल्या. पैसे डायरेक्ट डेबिटने जातात म्हणून ते जाताना दिसत नाहीत. माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्यातल्या बऱ्याच कुटुंबांनी ही वर्गणी आता बंद करावी आणि फुकट मिळणाऱ्या वाहिन्यांवर भागवावे. मात्र घरात आई-वडील किंवा सासू-सासरे असतील, तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय हे करू नये. या दोन गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात, म्हणून हा लेख.

आधी हिशेब. समजा, तुमच्या घरचे महिन्याला ४० पौंड जातात. वर्षाचे ४८० झाले, दहा वर्षांचे ४,८०० झाले, आणि यात व्याज धरलेले नाही. हेच ४० पौंड नोकरी करणाऱ्या माणसाने स्वतःच्या खाजगी पेन्शनमध्ये भरले, तर मूळ दराच्या करसवलतीमुळे तिथे ५० जमा होतात. ते पैसे म्हातारपणापर्यंत काढता येत नाहीत हे खरे (आजची ५५ वर्षांची मर्यादा एप्रिल २०२८ मध्ये ५७ होणार आहे), पण टी.व्ही.ला दिलेले पैसे तर कधीच परत येत नाहीत. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण मुलांना शिकवतो, आणि भिंतीवरच्या डिशमधून थेंब गळतो तो मात्र बघत नाही.

आता अनेकांचा गैरसमज असा, की वर्गणी बंद केली की डिश निकामी होते. तसे नाही. आपल्या घरांवरची डिश आग्नेयेकडे तोंड करून ज्या उपग्रहांकडे बघते, तिथूनच बीबीसी, आयटीव्ही, चॅनल फोर आणि चॅनल फाइव्ह फुकट येतात. बीबीसी आणि आयटीव्हीने २००८ मध्ये सुरू केलेली 'फ्रीसॅट' सेवा याच डिशवर चालते. एकदा बॉक्स घेतला की महिन्याला काही द्यावे लागत नाही. टी.व्ही.मध्येच सॅटेलाइटची सोय असेल तर डिशची केबल थेट त्यालाच लावता येते. छतावर एरिअल असेल तर २००२ पासून चालू असलेले 'फ्रीव्ह्यू' आहेच. आणि एप्रिल २०२४ मध्ये आलेले 'फ्रीली' ज्या नव्या टी.व्ही.त बसवलेले असते, तिथे डिश आणि एरिअल नसले तरी ब्रॉडबँडवर या वाहिन्या दिसतात.

काही बारकावे आधी पाहून घ्या. बॉक्स तुमच्या मालकीचा आहे की कंपनीचा, हे करारात बघा. स्काय क्यूचा बॉक्स उसना असतो, तो परत करावा लागतो. जुना स्काय प्लस एच.डी. बॉक्स घरी राहतो, त्यावर फुकट वाहिन्या दिसतात, पण रेकॉर्डिंग बंद होते. लग्नाची किंवा नातवाच्या शाळेची एखादी बातमी त्यात साठवली असेल तर आधीच पाहून घ्यावी. त्याहून जुना, एच.डी. नसलेला बॉक्स असेल तर त्यावर बीबीसी दिसणार नाही, कारण २०२४ च्या सुरुवातीला बीबीसीने सॅटेलाइटवरचे जुन्या पद्धतीचे प्रसारण थांबवले. स्काय क्यूसाठी डिशच्या टोकाचा भाग बदललेला असतो, त्यावर जुने फ्रीसॅट बॉक्स चालत नाहीत. एक तर त्याला चालणारा नवा बॉक्स घ्यावा, किंवा डिशवाल्याकडून तो भाग बदलून घ्यावा.

करार संपण्याची तारीखही बघा. ऑफकॉमच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२० पासून कंपनीला करार संपण्यापूर्वी १० ते ४० दिवस आधी तुम्हाला कळवावे लागते. ते पत्र किंवा ई-मेल जाहिरात समजून टाकू नका. 'बंद करतो' म्हटल्यावर फोनवरची व्यक्ती गोड आवाजात किंमत कमी करून देईल. ती कमी झालेली किंमत शून्यापेक्षा जास्तच असते, एवढे ध्यानात ठेवून बोला. टी.व्ही., ब्रॉडबँड आणि घरचा फोन एकाच पॅकेजमध्ये असतील तर एक काढल्यावर बाकीचे कितीला पडतात, ते लेखी घ्या. आणि घरातल्या वृद्धांच्या गळ्यातले संकटसूचक बटण फोनच्या लाइनवर चालत असेल, तर फोनला हात लावण्यापूर्वी त्या बटणाच्या कंपनीला कळवा. या बाबतीत 'नंतर बघू' चालत नाही.

फुकट म्हणजे अगदी फुकट नव्हे. टी.व्ही. लायसन्स लागतेच. एप्रिल २०२५ मध्ये त्याची फी वर्षाला १७४.५० पौंड ठरली होती, आणि ती बहुधा दर एप्रिलला बदलते, म्हणून चालू आकडा पाहून घ्यावा. कोणत्याही वाहिनीवर कार्यक्रम चालू असतानाच बघायचा असेल तर हे लायसन्स हवे. वाहिनी परदेशातली असली, यूट्यूबवर थेट दिसत असली, तरी नियम तोच. बीबीसी आयप्लेअरसाठीही ते लागते. म्हणजे मराठी बातम्यांची वाहिनी यूट्यूबवर थेट लावली म्हणून लायसन्समधून सुटका होत नाही. रेडिओला मात्र १९७१ पासून लायसन्स नाही.

इथे वृद्धांसाठी एक सवलत आहे, आणि आपल्यातल्या पुष्कळ कुटुंबांना ती माहीत नसते. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला मिळणारे मोफत लायसन्स ऑगस्ट २०२० पासून बंद झाले. पण पंचाहत्तरीपुढच्या व्यक्तीला किंवा तिच्या जोडीदाराला पेन्शन क्रेडिट मिळत असेल तर लायसन्स अजूनही मोफत आहे. ते त्या वृद्ध व्यक्तीच्या नावावर असले की त्या घरातल्या सगळ्यांना चालते. मुलाकडे राहणाऱ्या आई-वडिलांचा पेन्शन क्रेडिटचा हिशेब त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नावर होतो, मुलाच्या पगारावर नाही. मुलगा मिळवता आहे म्हणून आपल्याला काही मिळणार नाही, असे घरात बसूनच ठरवू नये. मात्र भारतातून नुकतेच आणलेले आई-वडील सरकारी मदत न घेण्याच्या अटीवर आले असतील, तर सल्ला घेतल्याशिवाय अर्ज करू नये. ज्यांची दृष्टी फारच अधू असल्याची नोंद आहे, त्यांना लायसन्स निम्म्या किमतीत मिळते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपण आठ वाजता घर सोडतो, संध्याकाळी सहाला परततो. मधले दहा तास घरात कोण असते? सासूबाई असतात, किंवा अप्पा असतात. बाहेर पाऊस, रस्त्यावर ओळखीचे कोणी नाही, शेजारीण 'हॅलो' म्हणून दार लावते. त्यांच्यासाठी दुपारची मालिका करमणुकीपेक्षा सोबत जास्त असते. ती मालिका टुकार आहे, तीच तीच भांडणे आहेत, असे आपण म्हणतो. पण त्या आवाजाने घर भरलेले असते. आणि आपण शनिवारी सकाळी कॉम्प्युटरवर बसून पाच मिनिटांत ते बंद करतो, सोमवारी दुपारी त्यांना कळते. त्या काही बोलणार नाहीत. 'तुमचे पैसे, तुमचे घर, मला काय करायचंय टी.व्ही.?' एवढेच म्हणतील. पैसे वाचवण्याचा हा मार्ग मला मान्य नाही.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी आठवडाभर एक कागद टी.व्ही.जवळ ठेवा आणि कोण काय बघते ते लिहा. मग आईंपाशी बसून विचारा, यातले काय हवे आहे? पुष्कळदा उत्तर फार लहान असते. एखादी मालिका, सकाळची आरती, रात्रीच्या मराठी बातम्या. मराठी बातम्यांच्या वाहिन्या यूट्यूबवर फुकट दिसतात. आकाशवाणीची मराठी केंद्रे 'न्यूज ऑन एअर' या ॲपवर ऐकता येतात, आणि ज्यांचे बालपण रेडिओवर गेले त्यांना ती टी.व्ही.पेक्षाही जवळची वाटतात. एखादी हवीच असलेली मालिका पैशाशिवाय मिळत नसेल, तर तेवढ्यापुरती लहान वर्गणी जरूर ठेवा. पन्नास वाहिन्या सोडून एक ठेवली तरी बचत होतेच. नवा रिमोट त्यांच्या हातात देऊन, मोठ्या अक्षरांत वाहिन्यांचे आकडे मराठीत लिहून, दोन-तीन दिवस त्यांच्याकडूनच लावून घ्या. मगच जुने बंद करा.

काही जण म्हणतील, हिंदी-मराठी वाहिन्या गेल्या तर घरातली भाषा जाईल. ही भीती खरी आहे, पण तिचा इलाज डिशवर नाही. मालिका लागलेली असताना नातू आजीशी बोलत नाही, दोघेही पडद्याकडे बघतात. जेवताना टी.व्ही. बंद ठेवून आजीने कोल्हापूरची किंवा नागपूरची एक गोष्ट सांगितली, तर नातवाच्या कानावर जास्त मराठी पडते. उलट इथल्या फुकट वाहिन्यांवरच्या बहुतेक कार्यक्रमांना इंग्रजी सबटायटल्स असतात. ती लावून बागकामाचा किंवा स्वयंपाकाचा कार्यक्रम बघणाऱ्या आजी डॉक्टरांकडे, बसमध्ये, दुकानात हळूहळू स्वतः बोलू लागतात. त्यांचे इंग्रजी वाढले म्हणून कोणाचे मराठी कमी होत नाही.

प्रकृतीचाही विचार करावा. फुकट ते पौष्टिक, असे आपण गमतीने म्हणतो, पण फुकटच्या वाहिन्यांसमोर चार तास बसले तरी गुडघे तेवढेच आखडतात. ब्रिटनच्या चारही भागांच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१९ मध्ये सांगितले, की प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे जरा दम लागेल अशी हालचाल करावी. ज्येष्ठांनी आठवड्यातून दोन दिवस ताकद आणि तोल राखण्याचे व्यायाम करावेत आणि फार वेळ सलग बसू नये. जाहिरात लागली की उठून स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी मारावी. पैसे भरून बिनजाहिरातीचे बघणाऱ्यांना ही सोय नाही!

वाचलेल्या पैशातला काही भाग त्या घरातल्या वृद्धांच्या नावे ठेवावा, असे मी सुचवतो. महिन्याला दहा-पंधरा पौंड त्यांना मंडळाच्या कार्यक्रमाला टॅक्सीने आणण्यासाठी किंवा एखाद्या मैत्रिणीच्या घरी पोचवण्यासाठी वापरा. बाकीचे पेन्शनमध्ये टाका, मुलांच्या नावावर टाका. या आठवड्यात एवढेच करा: करार काढून त्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि रविवारी चहाच्या वेळी आई-अप्पांना विचारा की त्यांना टी.व्ही.वर नक्की काय बघायचे असते.