व्हिलनची ओम्नी

हिंदी सिनेमात नायिकेला पळवायचं म्हटलं की पांढरी ओम्नी आलीच. नायिका कॉलेजातून निघते, मागून गाडी येते, दार घर्रकन सरकतं, दोन हात बाहेर येतात आणि गाडी पसार. थेटरातले सगळे नायिकेसाठी हळहळतात. मी गाडी बघत असतो. टपावर कॅरिअर आहे का, नंबरप्लेट कुठली, दार पहिल्या झटक्यात लागलं की दुसऱ्या.

दिग्दर्शकांचं चुकत नव्हतं म्हणा. सरकतं दार भिंतीला खेटून उभ्या गाडीचंही उघडतं, आणि १९८४ मध्ये मारुतीने आणलेली ही व्हॅन पुढे इतकी बोकाळली, की गल्लीत उभी दिसली तरी कुणी ढुंकून बघत नसे. आमच्या सोलापूरच्या सात रस्ता चौकात ती शाळेची पोरं वाहायची, लग्नाचे आहेर वाहायची, कधी पेशंटही. पाठलाग मात्र मला कधी पटला नाही. इंजिन ७९६ सीसीचं, त्यात पाच गुंड, नायिका आणि मागे पोलिसांची जीप! माणसं कोंबून अक्कलकोटला निघालेली ओम्नी साध्या चढाला कशी कण्हते, ते आम्हाला विचारा. शिवाय हा सीन सात रस्त्यावर घेतला असता, तर पळायला वाटा सात; पण संध्याकाळी सहाला व्हिलन चौकातच सापडला असता.

आणखी एक गंमत. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. मे महिन्यात, सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे गेला की पुढं बसणारा आधी चादरीची घडी सीटवर टाकायचा, मग टेकायचा. पडद्यावरचा म्होरक्या त्याच सीटवर लेदर जॅकेट घालून ऐटीत!

२०१९ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले आणि ओम्नीचं उत्पादन थांबलं. माझी लाडकी असली, तरी थांबलं ते बरंच झालं. या गाडीला नाकच नव्हतं. समोरून धडक बसली तर पत्र्यामागे थेट ड्रायव्हरचे गुडघे. आणि आपण तिच्यात शाळेची पोरं दाटीवाटीनं बसवत होतो.

आता व्हिलन स्कॉर्पिओतून येतात. गाडी दणकट, पण दार बाहेर उघडणारं. आधी ते नायिकेलाच लागतं, मग गुंड तिला वळसा घालून आत ढकलतात, तेवढ्यात निम्मा मोहल्ला गोळा व्हायला हवा.