सुख मागायचे की आनंदी दिसायचे?

2022 च्या दिवाळीत राज्य शासनाने रेशन दुकानांतून शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल दिले, आणि या संचाला नाव दिले 'आनंदाचा शिधा'. अंत्योदय व प्राधान्य कुटुंबांबरोबर केशरी कार्डाचे शेतकरीही त्यास पात्र ठरले. मात्र केवळ चौदा जिल्ह्यांतले. शासनाच्या परिभाषेत हे जिल्हे 'शेतकरी आत्महत्याग्रस्त' आहेत आणि आमचा वाशीम त्यांपैकी एक. म्हणजे मानोऱ्याच्या केशरी कार्डधारक शेतकऱ्याला 'आनंद' मिळाला, तो आत्महत्यांच्या यादीत त्याचा जिल्हा होता म्हणून! (2025 च्या गणेशोत्सवात हा शिधा आलाच नाही, तो भाग निराळा.) सणाला घरात गोडधोड व्हावे, याला कोण नाही म्हणेल? आमचे भांडण त्या नावाशी आहे.

जुन्या पत्रांत 'आम्ही सर्व सुखरूप आहोत' असे लिहीत. घरात कोणी आजारी नाही, विहिरीला पाणी आहे, बैल धडधाकट आहेत, एवढाच त्याचा अर्थ. 'सुखवस्तू' म्हणजे ज्याच्या घरी वर्षाचे धान्य आहे तो. या शब्दांत मनाच्या प्रसन्नतेची चौकशी कोठेही नाही. सुख आभाळाकडून, सरकारदरबाराकडून, देवाकडून मागायचे असे आणि ते न मिळाले तर भांडताही येत असे. नामदेव-जनाबाई विठ्ठलाशी भांडले ते याच हक्काने. आमच्याच तालुक्यातील पोहरादेवीला बंजारा समाजाची जी प्रार्थना होते, तीत किडामुंगीपासून साऱ्या जीवांचे भले मागितले जाते. माझे मन आनंदी राहो, असे मागणे तीत नाही. आणि 'आनंदीआनंद' हा शब्द तर मराठी माणूस बहुधा उपहासानेच वापरतो. भाषेला काही तरी कळत होते म्हणायचे.

येथे लगेच कोणी तरी उठून म्हणेल, "पूर्वीची माणसे भाकरी-ठेच्यात सुखी होती." आमच्या स्टाफरूममध्येही हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी वाचल्या आहेत, निदान त्यांनी तरी ते उच्चारू नये. सासुरवास, दारिद्र्य, माहेरची ओढ यांनी त्या भरलेल्या आहेत. बायका दळता दळता दुःख मोठ्याने सांगत आणि त्याबद्दल त्यांना 'नकारात्मक' असे कोणी म्हणत नसे.

आज मात्र म्हणतात. स्नेहसंमेलनाला बोलावलेला व्याख्याता सोयाबीनचे भाव पडलेल्या वर्षी, त्याच शेतकऱ्यांच्या मुलांना सांगतो की, सुख मानण्यावर असते. मुले टाळ्या वाजवतात. घरी गेल्यावर बापाच्या कपाळावरची आठी त्यांना बापाचाच दोष वाटू लागली, तर नवल नाही. जे बाजारभावाला आणि पतपुरवठ्याला विचारायचे, ते आता माणसाच्या मनाला विचारले जाते. आणि उत्तर बरे आले नाही, तर मनच नापास. 2012 पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालाची बातमीही आपण अशीच वाचतो. 2025 मध्ये 147 देशांत भारत 118 वा ठरला, तेव्हा आपण हसत का नाही, यावर चर्चा रंगली. वास्तविक त्या क्रमवारीचा आधार असलेला प्रश्न इतकाच असतो की, शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुमचे आयुष्य आज कोठे उभे आहे? हा प्रश्न जुन्या 'सुखरूप'च्या फार जवळचा आहे. पण त्याचे भाषांतर आपण 'हसा' असे करून टाकले.

शासन आणि व्याख्याते यांना बोल लावणे सोपे आहे. आम्हां मराठीच्या प्राध्यापकांचे काय? तुकोबांच्या अभंगांतील 'सकारात्मक जीवनदृष्टी' या धर्तीचे प्रश्न आपणच काढतो, त्यांच्या नोट्स आपणच देतो. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात ज्या माणसाची बायको आणि मूल गेले, ज्याचे दिवाळे निघाले, आणि ज्याने देवाला त्याचा जाब विचारला, त्याला आपण व्यक्तिमत्त्वविकासाच्या तासाला बसवले आहे. दुष्काळ आणि दिवाळे उत्तरपत्रिकेत 'कविपरिचय' म्हणून चार ओळींत येतात आणि त्यांना दोन गुण असतात. मानोऱ्याच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला नेमक्या त्या चार ओळी आपल्या घरच्या वाटतात. तेथे थांबून त्याच्याशी बोलायला आपल्याला अभ्यासक्रमाने कधी अडवले आहे, हे कोणी तरी आम्हांला दाखवून द्यावे.