गाडीखाली शिरण्यापूर्वी

रविवारची सकाळ. आमच्या सोसायटीतले एक काका आपली मारुती ८०० जॅकवर चढवून खाली शिरले होते. सायलेन्सरचा क्लॅम्प सैल झाला होता, म्हणजे काम दहा मिनिटांचे. मध्येच काकूंनी चहासाठी हाक मारली. काका बाहेर आले, कप हातात घेतला आणि धाडकन आवाज झाला. जॅक कलंडून गाडी खाली बसली होती. चहा तसाच निवला.

गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याचा पाया जेमतेम तळहाताएवढा. गाडी जरा सरकली की तो आडवा होतो. गॅरेजमधला हायड्रॉलिक जॅक दणकट खरा, पण आतले सील गळू लागले की तोही खाली बसतो. म्हणून जॅकने गाडी उचलावी आणि जॅक स्टँडवर टेकवावी. स्टँड जोडीनेच घ्यावेत, आणि त्यांच्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा पाहून. विटा रचून काम भागवणारे पुष्कळ आहेत. पण वीट सूचना देऊन फुटत नाही!

जागा सपाट आणि पक्की हवी. उन्हाने तापलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात, तिथे खाली जाड फळी घाला. गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा. मात्र बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. तुम्ही मागचीच बाजू उचललीत, तर त्याचा उपयोग संपला. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावाच. चाक काढायचे असेल तर नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करा.

आता गाडी कुठे टेकवायची? बोलेरोसारख्या गाड्यांना खाली जाड लोखंडी चेसी असते. लहान मोटारींना ती नसते. पत्र्याचा सांगाडाच सारे वजन पेलतो. दारांखाली पत्र्याची दुमडलेली शिवण दिसेल. पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे ती मजबूत केलेली असते, बहुधा खाचेची खूणही असते. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत पाहा. स्टँडचे लोखंड थेट टेकवले तर शिवण वाकते, रंग निघतो आणि तिथून गंज सुरू होतो. खाच पाडलेला रबरी ठोकळा मध्ये ठेवला की हे टळते. ऑइलचे चेंबर, पेट्रोलची टाकी किंवा तळाचा सपाट पत्रा यांवर कधीही भार देऊ नका. विजेच्या गाड्यांची बॅटरी बहुधा तळाशीच असते, तिथे तर मुळीच नाही. काकांच्या गाडीचा पत्रा त्या दिवशी असा दबला, की डावे दार अजून दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही.

दोन्ही स्टँड एकाच उंचीवर ठेवा, पिन किंवा दाते पुरते अडकल्याची खात्री करा, मग जॅक सावकाश उतरवा. आता गाडीला बाजूने चांगला धक्का द्या. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे. काढलेले चाक किंवा स्टेपनी दाराखाली आडवी सरकवून ठेवा. गाडीत कोणी बसू नये, मुलांनी जवळ खेळू नये आणि घरातल्या एकाला तरी आपण खाली आहोत हे ठाऊक असावे.

काम झाल्यावर पाने-पकडी मोजून बाहेर काढा. जॅकने गाडी किंचित उचलून स्टँड काढा, मगच ती खाली घ्या. चाकाचे नट शेवटी, टायर जमिनीला टेकल्यावर, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.